कोरडी फरशी

त्या दवाखान्यातल्या कॅज्युअल्टीची फरशी फार खोडसाळ होती. निदान दवाखान्याच्या अपघातांच्या वहीवरून तरी. आठ वर्षांत तिनं सतरा माणसं पाडली होती. एका सिस्टरच्या कानाचा पडदा फाडला, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा डोळा काळानिळा केला, कंपाउंडरची बरगडी मोडली आणि खुद्द मोठ्या डॉक्टरांचा पुढचा दात पाडला. फरशी कानापर्यंत पोचली कशी, हे कुणी विचारलं नाही. वहीत सतरा वेळा एकाच अक्षरात एकच ओळ होती : 'ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्याने.'

अक्षर बाबूचं. बाबू म्हणजे दवाखान्याचा कारकून. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला भानगड नको असायची. 'मारहाण' असं लिहिलं की पोलीस येतात, तारखा पडतात, मारणाऱ्याचे चुलते-मावसे दारात उभे राहतात. फरशीचं तसं नाही. फरशीला चुलते नसतात. ती वकील लावत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा बाबूचा सरळ कारभार.

दवाखान्यानं वरच्या ऑफिसकडे दोनदा पहारेकरी मागितला होता. वरून उत्तर आलं, 'आपल्या वहीत मारहाणीची एकही नोंद नाही. मात्र घसरून पडण्याचे प्रमाण चिंताजनक आहे.' आणि पहारेकऱ्याऐवजी सहा रबरी पायपुसणी आली, वर एक पिवळी पाटी : 'फरशी ओली आहे, सांभाळून चाला.' कंपाउंडरची बरगडी मोडली ती याच पाटीनं. तीही नोंद फरशीच्याच नावावर.

या सगळ्यात ज्या बाईचं नाक कापलं जात होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती मावशी. एकोणपन्नास वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची. सत्तरीतले म्हातारेही तिला मावशीच म्हणायचे. एकोणीस वर्षं ती फरशी तिची होती. पुसायची तिची एक रीत होती. आधी भिंतीच्या डाव्या अंगानं अर्धीच फरशी पुसायची, उरलेली अर्धी लोकांना चालायला कोरडी ठेवायची. डावी बाजू वाळली की मग उजवी. वेळ दुप्पट लागायचा, कंबर दुप्पट दुखायची, पण एकोणीस वर्षांत तिच्या फरशीवर माणूस सोडा, कोंबडीसुद्धा घसरली नव्हती. आणि वहीत सतरा! मावशीला वाचता येत होतं, हीच खरी पंचाईत.

*

त्या साली पाऊस फिरकलाच नाही. हापशाला हात मारला की आतून नुसता खोकल्यासारखा आवाज यायचा. दवाखान्याची टाकी रिकामी होऊन नऊ दिवस झाले होते. बाबूनं बेसिनच्या वर कागद चिकटवला होता : 'टाकीत पाणी नाही. नळ सोडू नये.' खाली तारीख, सही, शिक्का. बाबूला शिक्क्याची भारी हौस. पोरं फुगा फुगवतात तसा तो शिक्का मारायचा. जो तो घरून प्यायची बाटली आणायचा. मावशी कोरड्या फडक्यानं फरशी झाडायची आणि रक्त सांडलं तर भुसा टाकून उचलायची.

दुष्काळात एकाच माणसाला काम असतं, विहीर खोदणाऱ्याला. मावशीचा नवरा तेच काम करायचा. तीस वर्षं जमिनीत उतरून उतरून माणूस जमिनीसारखाच झाला होता. मोजकं बोलायचा, तेही खोलातून. यंदा तो बागवाल्या शेठच्या रानात विहीर खणत होता. ठरलं होतं ते असं, की पाणी लागलं की मावशीच्या अर्ध्या एकराच्या वांग्यांना आठवड्यातून पाण्याची एक पाळी. विहीर तेवीस हात गेली होती. तळाचा मुरूम हाताला गार लागायला लागला होता.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला विहिरीच्या कडेचा दगड निखळला आणि खाली नवऱ्याच्या जोडीदाराच्या छातीवर आला. नवऱ्यानं त्याला दोरानं वर काढलं, टेंपोत घातलं आणि दवाखान्यात आणून टाकलं. मग जोडीदाराच्या बायकोला सांगायला तो त्याच टेंपोनं परत गेला.

कॅज्युअल्टीत खाट एक आणि डॉक्टर एक. डॉक्टर पडद्याआड जोडीदाराच्या बरगड्यांमधून नळी घालत होते. सिस्टर, पंचवीस वर्षांची काटकुळी पोरगी, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी फिरवत होती. बाकावर तापाचं पोर घेतलेली आई, विंचू चावलेला माणूस आणि त्याची कण्हणारी सासू. मुंगी शिरायला जागा नव्हती.

तेवढ्यात शेठची जीप आली. उन्हात चक्कर येऊन पडलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईला दोन गड्यांनी उचलून आणलं. शेठ मागून, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, डोळे भेदरलेले. मावशीनं पाहिलं आणि त्या आजीला पंख्याखाली भिंतीला टेकवून फरशीवरच बसवलं. सगळ्यात गार जागा तीच होती. सिस्टर धावत आली, नाडी बघितली, पट्टा बांधून प्रेशर बघितलं.

"दहा मिनिटं. डॉक्टर येतातच. तोवर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजा."

मावशीनं स्वतःच्या बाटलीत पुड्या टाकल्या आणि आजीच्या तोंडाला लावलं. आजी प्यायली, डोळे मिटून म्हणाली, "बरं वाटतंय गं."

शेठला काही बरं वाटत नव्हतं. त्यानं पडदा बाजूला सारून आत बघितलं.

"माझी आई जमिनीवर आणि हा खाटेवर? उतरवा याला."

"शेठ," मावशी म्हणाली, "तो तुमच्याच विहिरीतून आलाय."

"माझ्याच विहिरीतला ना? मग मीच सांगतोय, उतरवा."

"नळी घालताहेत. उतरवला तर मरेल तो," सिस्टर म्हणाली.

"तू मला शिकवतेस?"

दाराजवळ सलाईनचा रिकामा स्टँड होता, लोखंडी. शेठनं तो उचलला. भीती माणसाच्या डोक्यात शिरली की आधी हात शोधते. त्यानं तो सिस्टरच्या डोक्यावर घातला असता. मधे मावशी आली. तिनं डावा हात वर केला आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

पंखा तेवढा कुरकुरत राहिला. पडद्याआडून डॉक्टर ओरडले, "काय झालं? मला हात सोडता येत नाही! काय झालं?"

कुणीच सांगितलं नाही. गड्यांनी शेठला धरून बाहेर नेलं. मावशी हळूच खाली बसली, आजीच्या शेजारी. हात मांडीवर ठेवला. तो भलत्याच ठिकाणी वाकला होता.

आजी त्या हाताकडे बघत म्हणाली, "त्याचा बाप असाच होता."

*

दहा मिनिटांनी नळी बसली, जोडीदाराचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी आजीला तपासून वॉर्डात ठेवलं आणि मग मावशीचा हात घेतला. प्लास्टर भिजवायला पाणी नव्हतं. सिस्टरनं आपली प्यायची बाटली ताटलीत ओतली. डॉक्टर मान खाली घालून पट्ट्या गुंडाळत होते. बोलताना त्यांच्या पुढच्या फटीतून वारा जायचा.

"सहा आठवडे. पाणी लागू देऊ नका."

"कुठनं लागणार, साहेब?" मावशी म्हणाली.

बाबू वही घेऊन आला. नोंद आधीच लिहून झाली होती. अठरावी.

"मावशी, इथं सही. लगेच सहा आठवड्यांची रजा, भरपगारी. उद्यापासून घरी आराम."

मावशीनं वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर. 'ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्याने डावे मनगट मोडले.'

"बाबू, कोण घसरलं?"

"तुम्ही."

"कशावर?"

"मावशी, आता तुम्हाला काय समजत नाही का? शुक्रवारी वरचे साहेब तपासणीला येताहेत. उघडी नोंद दिसली की मला झोडतील. शेठ मोठा माणूस आहे. तुमचाच नवरा त्याच्या विहिरीत. सगळ्यांचं भलं व्हायचं तर एक सही. तुमचीच फरशी, तुम्हीच घसरलात, कुणाला काय त्रास?"

"मला आहे ना त्रास. एकोणीस वर्षं मी अर्धी-अर्धी पुसते ती कशासाठी? तुम्ही लिहायचं आणि मी पाडायचं?"

"सही नाही तर रजा नाही," बाबू चिडून म्हणाला. "बघा बुवा."

"मग उद्या येते कामाला."

*

घरी मावशीची सासू वांग्यांच्या तुकड्यातून परत आली होती. वय सत्त्याहत्तर, जीभ सतराची. तिनं प्लास्टर पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सही केली का?"

"नाही, आत्याबाई."

"का?"

"खोटं लिहिलंय."

"लिहू दे की! वहीत लिहिल्यानं हात परत मोडतो का? वांगी माना टाकून बसलीत बाई, माझ्याकडे बघतात ती. त्यांना तुझा मान घालू का पाणी म्हणून?"

नवरा दारात बसून पायातला मुरूम झटकत होता. दवाखान्यात जोडीदाराला बघून, मग विहिरीवरची हत्यारं आवरून तो आला होता. शेठचा मुकादम तिथं निरोप देऊन गेला होता : बाईनं सही केली तर उद्यापासून काम चालू, पाळीही ठरल्याप्रमाणे. नाही केली तर हत्यारं उचला.

"तुम्ही काय म्हणता?" मावशीनं विचारलं.

नवऱ्यानं उरलेला मुरूम झटकला. मग म्हणाला, "विहिरीत उतरतो मी. दोर वरच्याच्या हातात असतो. त्याला खूश ठेवावं लागतं."

"ऐक, ऐक," सासू म्हणाली. "माझ्या पोटचा आहे, शहाणाच निघणार."

मावशी उठली. एका हातानं कांदा चिरायला बसली. पायाच्या अंगठ्यानं कांदा धरायचा, उजव्या हातानं सुरी. कांदा दोनदा सुटून पार चुलीखाली गेला. तिसऱ्यांदा नवऱ्यानं तो उचलला आणि चिरायला घेतला. कांदा डोळ्यांना लागतो म्हणून बरं असतं, घरात कुणाला खुलासा द्यावा लागत नाही.

*

बुधवारी ती कामावर गेली. एका हातानं केर काढायचा म्हणजे केर पुढे आणि आपण मागे अशी शर्यत. केरसुणी काखेत, सुपली पायानं ढकलायची. बाबू टेबलामागून डोकवायचा आणि पुन्हा खाली बघायचा. कंपाउंडर जाता जाता कानात म्हणाला, "मावशी, माझी बरगडी पावसाळी हवेत अजून ठणकते. पण मी सही केली बघा, सुखी आहे."

"यंदा पाऊस नाही," मावशी म्हणाली, "म्हणून सुखी आहेस."

वॉर्डात शेठची आई होती. उन्हानं आतडी वाळली होती, अंगात ताकद नव्हती. तिला उठवायचं, भांडं द्यायचं, अंग पुसायचं काम मावशीचंच. एका हातानं ते करणं म्हणजे पोतं उचलून नाचणं. आजी जड होती आणि लाजत होती.

"राहू दे गं. तुझा हात माझ्याच पोरानं मोडला आणि तूच माझं काढतेस."

"आजी, तुमचं काढायचं नाही तर कुणाचं? त्याचं सालपट काढलं असतं त्या दिवशी, पण एकच हात उरला होता."

आजी हसली. हसता हसता खोकली. मग गंभीर होऊन म्हणाली, "लहानपणी त्याला चिमटा काढला की तो शेजारच्याला मारायचा. आम्ही हसायचो. तिथंच चुकलं."

दुपारी शेठ आला. आईसाठी नारळ, हातात पिशवी. मावशीसमोर थांबला, पिशवी पुढे केली. आत फळं होती.

"मावशी, रागाच्या भरात झालं. माझी आई होती. तुमची असती तर?"

"माझी असती तर मी विचारलं असतं, शेठ, कुणाला आधी गरज आहे. आणि उत्तर आवडलं नसतं तर रडले असते."

"फळं घ्या."

"एका हातानं सोलता येत नाहीत."

शेठचा चेहरा पुन्हा तसाच झाला, मंगळवारचा. पण आजूबाजूला माणसं होती. तो हळू आवाजात म्हणाला, "शुक्रवारपर्यंत सही करा. मी दोनदा सांगत नसतो."

"आत्ताच दोनदा झालं. मुकादम एकदा, तुम्ही एकदा."

संध्याकाळी सिस्टर तिच्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. "मावशी, माझ्यासाठी तुमचा हात गेला. सही करा ना. मी बदलीचा अर्ज देते. मला नको हे."

"अर्ज देऊन कुठं जाशील? तिथली फरशी वेगळी असेल?" मावशीनं तिच्या डोक्यावर प्लास्टर ठेवलं, बरा हात केरसुणीत अडकला होता. "तुझ्याआधीच्या सिस्टरचा कान गेला. तिनं सही केली म्हणून तू आलीस तेव्हा दारात पहारेकरी नव्हता. आता मी केली की तुझ्यानंतर येणारीच्या दारात नसेल."

*

गुरुवारी सकाळी नवरा विहिरीवर गेला. सही होईलच, असं मुकादमानं परस्पर ठरवून टाकलं होतं. जोडीदार दवाखान्यात, म्हणून दोराला नवा माणूस, शेठचाच गडी. जीपमधून आजीला उचलणाऱ्या दोघांतला एक.

नवऱ्यानं कमरेला दोर बांधला, काठावर बसला, पाय खाली सोडले. तीस वर्षांत हजार वेळा केलेलं काम. दोर ताणला आणि वर बघितलं. गडी दोर धरून उभा होता, पण नजर बांधावर बसलेल्या शेठकडे. शेठ मान हलवेल तशी त्याची मान हलत होती.

नवऱ्यानं पाय वर घेतले. दोर सोडला. गुंडाळला. पहार, कुदळ, घमेलं, सगळं खांद्यावर घेतलं.

"काय झालं?" मुकादम ओरडला. "पाणी हातावर आलंय!"

"असेल. काढा."

घरी येऊन त्यानं हत्यारं कोपऱ्यात ठेवली. सासूनं कपाळावर हात मारला. "झालं! आता वांगी कुठली, पाणी कुठलं!"

"आई," नवरा म्हणाला, "ज्याला खूश ठेवल्याशिवाय दोर धरवत नाही, त्याच्या दोरावर उतरायचं नसतं. बाबा असेच सांगायचे ना?"

नवऱ्याचा शब्द मधे आला की सासूची पंचाईत व्हायची. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आंघोळीचं पाणी सांडू नका आजपासून. मी वांग्यांना नेते. आणि तो साबण नका लावू, वांग्यांना वास येतो."

संध्याकाळी मावशी घरी आली, तर कोपऱ्यात हत्यारं. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"तुझी सही आता तुझीच," तो म्हणाला. "माझ्या दोराला बांधलेली नाही."

*

शुक्रवारी दहा वाजता वरचे साहेब आले. गाडीतून उतरले ते धुळीनं पांढरे झालेले. आल्याआल्या बेसिनकडे गेले, नळ सोडला. नळ फुसफुसला. समोर बाबूचा कागद. साहेबांनी तो वाचला, रुमालानं हात पुसले आणि कॅज्युअल्टीत खुर्चीवर बसले. मोठे डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर, ड्रायव्हर ओळीनं उभे. दारात शेठ. आईला घरी न्यायला आलो म्हणून आला होता, पण नजर वहीवर. आजी बाकावर बसली होती, गाठोडं मांडीवर.

साहेबांनी वही चाळली.

"अठरा? अहो, हा दवाखाना आहे की घसरगुंडी? पायपुसणी दिली, पाटी दिली, तरी पडताच? फरशी पुसतं कोण?"

"मी," मावशी म्हणाली.

"आणि ही शेवटची, पडलेली?"

"तीही मीच."

साहेब हसले. "म्हणजे तुम्हीच पुसता आणि तुम्हीच पडता. सही का नाही?"

बाबूनं पेन पुढे केलं. मावशीनं पेन घेतलं.

"करते सही, साहेब. पण माझं वय झालं, मी कशी पडले तेच आठवत नाही. एक करा. एक बादली पाणी मागवा. मी फरशी ओली करते आणि तुमच्यासमोर परत पडून दाखवते. तशीच. मग लगेच सही."

"आणा रे बादली," साहेब म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती.

कुणी हललं नाही. बादली होती, कोपऱ्यात पालथी. तिच्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"पाणी नाही साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "आज बारा दिवस."

साहेबांचं हसू हळूहळू ओठांवरून उतरलं. ते उठले, बेसिनपाशी गेले, कागद भिंतीवरून काढून आणला आणि वहीशेजारी ठेवला. दोन्हीकडे तेच अक्षर, तोच गोल शिक्का. कागद म्हणत होता टाकीत थेंब नाही. वही म्हणत होती, नवव्या दिवशी फरशी ओली होती.

"बाबू, ही फरशी कशानं ओली झाली होती?"

बाबूला घाम फुटला होता. तेवढंच पाणी त्या दवाखान्यात होतं.

"सवयीनं, साहेब," तो पुटपुटला.

"कुणी काही सांडलं असेल," शेठ दारातून म्हणाला. "दवाखाना आहे. गर्दी होती."

तेव्हा बाकावरून आजी बोलली. आवाज बारीक, पण खणखणीत.

"मी त्याच फरशीवर बसले होते. चांगली वीस-पंचवीस मिनिटं. ओली असती तर माझं बूड भिजलं असतं. नाही भिजलं."

"आई, तू गप."

"तू गप. मी साहेबांशी बोलतेय. आणि अजून सांगते, ही बाई माझ्या शेजारी घसरून नाही पडली, हात मोडल्यावर बसली. मी बघत होते. मला चक्कर आली होती, आंधळी नव्हते झाले."

कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक ड्रायव्हर. शेठ एक पाऊल आत आला. मावशी तिथंच उभी होती. तिनं प्लास्टरचा हात छातीशी धरला आणि जागची हलली नाही. मागं सिस्टर होती. या वेळी सिस्टर मागून पुढे आली आणि तिच्या बाजूला उभी राहिली. बास, एवढंच. शेठ थांबला.

मावशीनं बाबूची ओळ खोडली. एकच रेघ, सरळ. खाली लिहिलं, हळूहळू, मोठ्या अक्षरात : 'लोखंडी स्टँडने मारले.' मारणाऱ्याचं नाव घातलं, बापाच्या नावासकट. पुढे लिहिलं, 'फरशी कोरडी होती.' आणि मग सही ठोकली.

वही मिटायला साहेबांनी हात पुढे केला, तर मोठे डॉक्टर म्हणाले, "थांबा." त्यांनी मावशीकडून पेन घेतलं, पानं मागं उलटली, सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीपाशी थांबले. स्वतःच्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्या नोंदीवर रेघ मारली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कुणाला दिसलं नाही, पण लिहिताना त्यांची जीभ दाताच्या फटीत फिरत होती.

कंपाउंडर आपल्या चपलांकडे बघत राहिला. सगळ्यांचीच बरगडी एका दिवसात जुळते असं नाही.

"कळवतो," साहेब म्हणाले आणि वही काखेत मारून गाडीत बसले.

*

पहारेकरी अजून आलेला नाही. पोलीस दोनदा येऊन गेले, मावशीनं दोनदा तेच सांगितलं. विहिरीचं काम बंद पडलं ते पडलंच. दुसरे खोदणारे येऊन काठावरून वाकून बघायचे, जोडीदाराची गोष्ट ऐकायचे आणि दोर कोण धरणार विचारून निघून जायचे. मावशीची निम्मी वांगी वाळली. उरलेली निम्मी सासूच्या आंघोळीवर जगली. ती दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागली होती, म्हणे वांग्यांसाठी.

त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी सरकारी टँकर आला आणि दवाखान्याची टाकी भरली. मावशीनं कोळ्याचं जाळं झटकलं, बादली सुलटी केली, फिनेल टाकलं. एका हातानं फडकं पिळता येत नाही. ती त्यावर पाय देऊन उभी राहिली, तेवढं पाणी निथळलं. मग गुडघ्यावर बसली आणि डाव्या भिंतीकडून पुसायला लागली. अर्धी. वर्षानुवर्षांची रेघ बरोबर मधोमध उमटत गेली, इकडे काळी चकचकीत, तिकडे पांढरट.

दारात पावलं थांबली. शेठ होता. आईच्या गोळ्या न्यायला आलेला. इकडेतिकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, नवऱ्याला सांगा, विहीर तशीच पडलीय. पाणी हातभरावर आहे. एकाऐवजी दोन पाळ्या देतो. आणि दोराला तो म्हणेल तो माणूस. तेवढं ते वहीतलं तुम्ही..."

मावशीनं मान वर केली नाही. फडकं पुढे सारलं आणि प्लास्टरच्या टोकानं पांढरट अर्ध्या फरशीकडे खूण केली.

"शेठ, कोरड्या बाजूनं चाला. माझ्या फरशीवर कुणी पडत नाही."

शेठ उजव्या भिंतीच्या कडेनं गेला, बारीक पावलं टाकत, अगदी जपून.